चालत्या गाडीचे ब्रेक मधूनच धरून राहतात आणि गाडी थंड झाली की आपोआप सुटतात: दोष शोधण्यास सुरुवात कुठून करावी?

प्रश्न

गेला दीड महिना माझ्या गाडीच्या ब्रेकने मला कोड्यात टाकले आहे. गाडी नऊ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक आहे. तिला पुढे डिस्क, मागे ड्रम आणि एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) आहे. सकाळी निघताना काहीही त्रास नसतो. मात्र वीस-पंचवीस मिनिटे रहदारीतून, म्हणजे वारंवार ब्रेक लावत गेले, की गाडी जड वाटू लागते आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पुढे घरंगळत जाण्याऐवजी कोणी मागून ओढून धरल्यासारखी थबकते. त्याच सुमारास ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा घट्ट झालेले असते आणि त्यावर नुसता पाय टेकला तरी ब्रेक लागतो. एकदा तर सिग्नलला थांबल्यावर पहिल्या गिअरमध्येही गाडी जागची हलेना. कशीबशी बाजूला घेतली, तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांजवळ करपल्याचा वास येत होता आणि मागचे ड्रमही तापलेले होते, जरी पुढच्याइतके नव्हे. पाऊण तासाने गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पाहिली, तर एका हाताने ढकलता आली.

गॅरेजमध्ये नेली की ती अगदी शहाण्यासारखी वागते. आतापर्यंत पुढच्या कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची) रबर किट बदलून झाली, ब्रेक पॅड बदलून झाले आणि शेवटी दोन्ही कॅलिपरही नवे बसवले, पण दुखणे जिथल्या तिथे आहे. आता मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने चाकांकडे ब्रेकचे तेल ढकलणारा भाग) बदलू आणि त्याने न भागल्यास एबीएसचे युनिट बदलू, असे सांगण्यात येत आहे. अंदाजाने एकेक भाग बदलत जाण्याऐवजी दोष नेमका कुठे आहे हे ठरवण्याची काही रीत आहे का? एक गोष्ट नोंदवून ठेवतो. ब्रेक धरलेले असताना मागून येणाऱ्या मित्राला ब्रेकचे दिवे पाहायला सांगितले होते आणि ते विझलेले होते. त्यामुळे पेडल पूर्ण मागे येत असावे असे मी गृहीत धरले आहे.

प्रतिसाद १

मास्टर सिलिंडरला हात लावण्यापूर्वी पुढच्या चाकांचे रबरी होस पाइप (कॅलिपरपर्यंत तेल नेणाऱ्या लवचीक नळ्या) बदलून पाहावेत, असे मी सुचवीन. माझ्या आधीच्या गाडीला हाच त्रास होता आणि मीही कॅलिपरवर खर्च करून बसलो होतो. होस बाहेरून नवा वाटावा इतका चांगला होता, कुठे भेग नाही की ओल नाही. काढल्यावर उत्सुकतेपोटी तो उभा चिरून पाहिला, तेव्हा आतल्या थराची नखाएवढी पापडी सुटून पडद्यासारखी लोंबत असलेली दिसली. ब्रेक दाबताना पायाचा आणि बूस्टरचा (व्हॅक्यूमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाचा) मिळून जोर एवढा असतो की तेल त्या पडद्याला बाजूला सारून कॅलिपरपर्यंत पोहोचते. परत येताना मात्र त्याला मागे ढकलणारे फारसे काही नसते. पिस्टनभोवतीचे चौकोनी सील दाबाखाली किंचित पिळले जाते आणि दाब गेला की पूर्ववत होताना पिस्टनला मिलिमीटरच्या काही दशांशांइतके मागे ओढते, एवढाच काय तो परतीचा जोर. तेवढ्याने पडदा उघडत नाही आणि दाब चाकापाशीच कोंडून राहतो. हा पडदा कधी आडवा येतो, कधी येत नाही, म्हणून दोषही लपाछपी खेळतो. गाडीचे वयही होस बदलण्याजोगे झालेले आहे.

प्रतिसाद २

होसच्या दोषाचे वरचे वर्णन अचूक आहे, परंतु तो एका चाकाचा दोष आहे. त्यात गाडी एका बाजूला ओढते, तेच एक चाक तापते आणि पेडल सहसा नेहमीसारखेच राहते. प्रश्नकर्त्याच्या गाडीत पुढची दोन्ही चाके तापतात, मागचे ड्रमही तापतात आणि पेडल घट्ट होते. चारही चाकांच्या होसमधील पापड्या एकाच आठवड्यात सुटतील हे संभवत नाही. त्यामुळे चारही चाकांना जे समाईक आहे तिकडे, म्हणजे पेडल, बूस्टर, त्यांच्यामधील दांडा आणि मास्टर सिलिंडर यांच्याकडे लक्ष द्यायला हवे. (तापणारी चाके कर्णरेषेत असती, उदाहरणार्थ पुढचे डावे आणि मागचे उजवे, तर मी ब्रेकच्या एकाच सर्किटचा, म्हणजे तेलाच्या दोन स्वतंत्र वाटांपैकी एकीचा, किंवा एबीएसच्या व्हॉल्व्हचा विचार केला असता, कारण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत दोन सर्किट अशीच तिरपी जोडलेली असतात. केवळ मागची दोन तापत असती, तर आधी हँडब्रेकची केबल पाहिली असती.)

पेडलचे घट्ट होणे हा या संपूर्ण वर्णनातील सर्वांत बोलका भाग आहे. मास्टर सिलिंडरच्या भिंतीत, तेलाच्या टाकीच्या तळाशी, प्रत्येक सर्किटसाठी सुईच्या जाडीचे एक छिद्र असते. एबीएस असलेल्या अनेक गाड्यांत त्याऐवजी पिस्टनच्या मध्यभागी छोटा व्हॉल्व्ह असतो, पण काम तेच. पिस्टन पूर्ण मागे आला तरच ही वाट उघडते आणि चाकांकडे तापून फुगलेले तेल तिच्यातून टाकीत परत जाते. पिस्टन मिलिमीटर-दीड मिलिमीटरने जरी पुढे अडकून राहिला, तरी वाट बंदच राहते. थंड गाडीत त्याचा पत्ता लागत नाही, कारण त्या वेळी परत जाण्यासाठी जास्तीचे तेलच नसते. रहदारीत ब्रेक तापले की तेल प्रसरण पावते, त्याला वाट नसल्याने दाब वाढतो, दाबाने पॅड डिस्कला घासू लागतात, घासल्याने आणखी उष्णता निर्माण होते आणि तिने दाब आणखी वाढतो. पाऊण तासात तेल निवते, आकसते आणि ब्रेक सुटतात. गॅरेजमध्ये दोष का दिसत नाही, याचेही उत्तर यातच आहे. तिथे पोहोचून पाळी येईपर्यंत गाडी निवलेली असते.

आता चाचणी. ती ब्रेक धरलेले असतानाच करायची असते, एरवी तिला अर्थ नाही. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण्या लावाव्यात, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि पुढचे एक चाक जॅकवर उचलून स्टँडवर टेकवावे. चाक हाताने फिरत नाही याची खात्री करून घ्यावी, मात्र हात टायरला लावावा; रिम आणि डिस्क यांना चुकूनही लावू नये. मग इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधील व्हॅक्यूम संपतो. एवढ्याने चाक मोकळे झाले, तर संशय बूस्टरवर जातो. न झाल्यास पेडलखाली हात घालून ते वर ओढून पाहावे. त्याला किंचितही मोकळा खेळ नसेल, तर ते कशाला तरी टेकून अडले आहे. त्यानंतर मास्टर सिलिंडर बूस्टरला ज्या दोन नटांनी बसवलेला असतो ते सैल करून सिलिंडर दोन-तीन मिलिमीटर पुढे ओढावा. आता चाक सुटले, तर मास्टर सिलिंडर निर्दोष आहे आणि त्याच्या मागचे काहीतरी, म्हणजे दांडा, बूस्टर किंवा पेडल, त्याला पूर्ण परतू देत नाही. तरीही चाक सुटले नाही, तर मास्टर सिलिंडरमधून निघणाऱ्या पाइपचा नट जरासा सैल करावा. तेव्हा तेल उसळून चाक मोकळे झाले, तर दोष मास्टर सिलिंडरच्या आत आहे. तिथेही न सुटता केवळ चाकाजवळचा ब्लीडर (तेल आणि हवा बाहेर काढण्याचा स्क्रू) उघडल्यावर सुटले, तर अडथळा मधल्या पाइपात, एबीएस युनिटमध्ये किंवा होसमध्ये आहे. ब्लीडर उघडूनही चाक घट्टच राहिले, तरच कॅलिपर दोषी ठरतो. नट किंवा ब्लीडर सैल करताना डोळ्यांना चष्मा हवाच, कारण तेल गरम असते आणि दाबाने येते. ते रंगावर सांडले तर रंग उठतो. नट सैल केल्यावर पुन्हा घट्ट करून हवा काढल्याशिवाय गाडी चालवू नये.

हा क्रम मी मुद्दाम वरून खाली दिला आहे. घाईने आधी ब्लीडर उघडला की चाक सुटते, सगळ्यांना हायसे वाटते आणि पुरावा तेलाबरोबर वाहून जातो. त्यातून दाब कोंडला होता एवढेच कळते, तो कुठे कोंडला होता हे कळत नाही. आपल्या कॅलिपरच्या बाबतीत बहुधा हेच झाले असावे.

राहता राहिला ब्रेकच्या दिव्यांचा मुद्दा. त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. दिव्याचा स्विच पेडलच्या दांड्याला टेकलेला असतो आणि त्याची खुंटी आत दाबली गेलेली असताना दिवा विझलेला असतो. हा स्विच त्याच्या जागेत प्रमाणापेक्षा पुढे बसवला गेला, तर तोच पेडलला पूर्ण मागे येऊ देत नाही आणि खुंटी दाबलेलीच राहिल्याने दिवा मात्र विझलेला दिसतो. म्हणजे पेडल पुढे अडलेले असूनही दिवे निर्दोषपणाची ग्वाही देत राहतात. म्हणून विचारतो: हा त्रास सुरू होण्याच्या आधी त्या स्विचला, बूस्टरला किंवा पेडलच्या आसपास कोणी हात लावला होता का?

प्रतिसाद ३

वरील क्रमाशी मी सहमत आहे, फक्त बूस्टरविषयी थोडी भर घालतो, कारण माझ्या गाडीत तोच निघाला. लक्षणे जवळपास हीच होती, पण एक फरक होता. इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांत ब्रेक सुटत आणि इंजिन सुरू असताना पेडलजवळ कान नेला तर बारीक फुसफुस ऐकू येई. बूस्टरच्या आतला व्हॉल्व्ह पाय काढल्यावरही नीट मिटत नव्हता, बाहेरची हवा थोडी थोडी आत शिरत होती आणि बूस्टर स्वतःच हलका ब्रेक लावत होता. प्रश्नकर्त्याच्या गाडीला सुटायला पाऊण तास लागतो, त्यामुळे माझा कौल बूस्टरकडे नाही, परंतु पेडल दाबून व्हॅक्यूम संपवण्याची चाचणी फुकटची आहे, ती गाळू नये.

टाकीचे झाकण उघडून त्याखालचे रबरही पाहून घ्यावे. ते फुगून वेडेवाकडे झाले असेल, तर तेलात कोणीतरी इंजिन ऑइल किंवा दुसरे खनिज तेल मिसळले आहे. त्याने आतील सर्व सील फुगतात, ते फुगलेले सील परतीची वाट अडवतात आणि मग एखादा भाग बदलून भागत नाही, सर्व सील आणि होस बदलावे लागतात.

दोष सापडेपर्यंत गाडी चालवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ‘डॉट ४’ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. धरून राहिलेल्या ब्रेकच्या आसपास ते तापमान सहज गाठले जाते. तेल उकळले की पाइपात वाफ होते, आणि क्षणापूर्वी दगडासारखे असलेले पेडल पुढच्या खेपेस तळापर्यंत जाऊ शकते. वाटेत असे झालेच, तर गाडी बाजूला घेऊन निवू द्यावी, आणि तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र ओतू नये, कारण ती वाकते किंवा तडकते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. दुसऱ्या प्रतिसादातील शेवटचा प्रश्न वाचून मी जुनी बिले काढली. त्रास सुरू होण्याच्या साधारण दोन आठवडे आधी ब्रेकचे दिवे लागेनासे झाले होते, म्हणून एका वेगळ्या गॅरेजमध्ये स्विच बदलून घेतला होता. ते दोन आठवडे गाडी बहुतेक उभीच होती, त्यामुळे या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचे माझ्या मनातही आले नाही, आणि कॅलिपर बदलणाऱ्यांना मी ते सांगितलेही नाही.

काल एका रिकाम्या, सपाट आवारातच फेऱ्या मारत वारंवार ब्रेक लावले आणि गाडी जड होताच तिथेच थांबवली. पुढचे डावे चाक उचलले, तर ते दोन्ही हातांनी जोर लावूनही फिरेना. इंजिन बंद करून पेडल सहा वेळा दाबले, फरक पडला नाही. पेडलखाली हात घालून ते वर ओढले, तर ते तसूभरही हलेना. मग खाली वाकून विजेरीच्या उजेडात पाहिले. स्विच आट्यांचा आहे, मागेपुढे दोन नटांनी पकडलेला. तो इतका पुढे फिरवून बसवलेला होता की खुंटी पूर्ण आत गेली होती आणि पेडलचा दांडा थेट स्विचच्या अंगालाच टेकला होता. मागचा नट सैल करून स्विच दोन आटे मागे घेतला, तोच पेडल त्याच्याबरोबर मागे आले आणि पुढून, चाकाच्या बाजूने, ‘टक्’ असा आवाज झाला. चाकापाशी जाऊन पाहतो तो ते एका हाताने फिरत होते, पॅडचा हलका घासल्याचा आवाज तेवढा येत होता. मास्टर सिलिंडरच्या नटांना हात लावण्याची वेळच आली नाही.

स्विच आता पेडल मोकळे असताना दिवा जेमतेम विझेल आणि दांडा व स्विचचे अंग यांत बारीक फट राहील, अशा बेताने बसवला आहे. पेडलचा मोकळा खेळ गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापात येतो. आणखी काही तपासावे का?

प्रतिसाद २ (पुन्हा)

निदान पक्के झाले, परंतु दीड महिना तापलेल्या ब्रेककडे आता लक्ष द्यायला हवे. तेल पूर्ण बदलून घ्यावे, त्यासाठी तेलाचा रंग पाहत बसू नये. पॅड काढून त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला आहे का ते पाहावे. तसा झाला असल्यास ते पुन्हा वापरू नयेत. चाकांच्या बेअरिंगचा आवाज ऐकावा आणि मागच्या ड्रममधील व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून आत ओल आहे का ते पाहावे. सर्वांत शेवटी दहा-बारा किलोमीटर मोकळ्या रस्त्याने जाऊन, शक्य तितके कमी ब्रेक वापरून थांबावे आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही बाजूंच्या डिस्कचे तापमान मोजावे. आकडा किती आला यापेक्षा डाव्या-उजव्यातील फरक महत्त्वाचा आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

तेल आणि पॅड बदलले. जुने तेल काळ्या चहासारखे निघाले. त्यानंतर मोजलेल्या तापमानात उजवी डिस्क ५८ अंश, तर डावी ८४ अंश भरली, म्हणून डावा कॅलिपर पुन्हा उघडला. वरची स्लाइड पिन (कॅलिपर जिच्या आधाराने सरकतो ती) बोटाने सरकत होती, खालची मात्र पकडीने धरून ओढावी लागली. तिच्यावर ग्रीसचा लवलेशही नव्हता, आणि हा कॅलिपर नवा बसवून महिनाही झालेला नाही. पिन आणि तिचे भोक स्वच्छ पुसून रबराला चालणारे सिलिकॉनचे ग्रीस लावले, तसेच उजवीकडच्याही दोन्ही पिनांना लावून घेतले. काल त्याच रस्त्यावर पुन्हा मोजले, तेव्हा फरक चार अंशांचा होता. रहदारीतही तासभर चालवून पाहिली. पेडल शेवटपर्यंत सुरुवातीइतकेच राहिले आणि प्रत्येक सिग्नलला गाडी आपल्या आपण घरंगळत थांबली. स्विचच्या दोन्ही नटांवरून स्विचच्या अंगापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवली आहे. नट फिरला, तर ती तुटलेली दिसेल.